वाचक विचारतात: एकटं फिरताना देवासारखं कुणी भेटलं, मग पुढे?

मागच्या वेळी आपण म्हटलं होतं की एकट्याने दिवसभर कुठे फिरायला गेलात आणि वाटेत अनोळखी माणसाने मदत केली असं कधी झालं असेल, तर त्यावरून पडलेला प्रश्न पाठवा. पत्रं खूप आली, अनुभव भरभरून लिहिलेत लोकांनी, प्रश्न मात्र शोधून काढावे लागले, काही पत्रांत तर शेवटच्या ओळीत! सारखी पत्रं एकत्र केलीत, नावं-गावं काढून टाकलीत.

ताई, पैसे द्यायला नको होते का?

"ताई नमस्कार. मी चाळिशीची आहे, घरी सगळे आहेत, पण मधूनमधून एखादा दिवस मी एकटीच फिरून येते, तेवढं मला लागतं. गेल्या महिन्यात एका टेकडीपलीकडच्या तलावावर गेले होते. जाताना सगळं व्यवस्थित, येताना दोन पायवाटा होत्या त्यातली चुकीची धरली आणि उतरले ती भलत्याच बाजूला. फोन फोटो काढून काढून संपलेला. खाली रस्ता दिसला तेव्हा जीव भांड्यात पडला, पण तिथून जाणारी शेवटची बस निघून गेली होती. एका घराच्या अंगणात एक वयस्कर काकू मोठ्या कात्रीने कुंपण कापत होत्या. मी गेटबाहेरूनच विचारलं की इथून मुख्य रस्त्याला कसं जायचं. त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं, चिखल होता गुडघ्यापर्यंत, आणि आधी पाण्याची बाटली आणून दिली. चार्जर काढला तर त्याची पिन माझ्या फोनला बसेना, मग त्यांनीच त्यांच्या फोनवरून माझ्या बहिणीला मेसेज केला, नंबर मी सांगितला कारण तो एकच मला पाठ आहे. मग गाडी काढून मला मोठ्या चौकापर्यंत सोडलं, आणि नुसतं सोडलं नाही, बस येईपर्यंत थांबल्या, जवळजवळ पाऊण तास. तेवढ्यात मी त्यांना काय काय सांगितलं! जे बहिणीलाही सांगितलेलं नाही ते. बस आल्यावर मी घाईघाईत पर्समधून एक नोट काढून पुढे केली, तशा त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. रागावल्या नाहीत, पण चेहरा उतरला. मला ते दृश्य विसरता येत नाहीये. पैसे देऊन मी त्यांचा अपमान केला का? आता काय करू? आणि एवढं सगळं परक्या बाईला सांगून बसले, मला झालं तरी काय होतं?"

तीन प्रश्न आहेत तुमचे, मी शेवटचा आधी घेते, कारण तो सोपा आहे.

तुम्हाला काहीही झालं नव्हतं. गेऑर्ग झिमेल नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०८ साली परक्या माणसावर एक छोटं टिपण लिहिलंय, त्यात तो म्हणतो की परक्याला लोक कधीकधी असं काही सांगून मोकळे होतात जे अगदी जवळच्या माणसापासून जपून ठेवलेलं असतं. कारण उघड आहे, बहिणीला सांगितलं की ते उद्या फोनवर निघतं, परवा सणाला निघतं, त्यावर तिचं मत तयार होतं आणि ते मत पुढची वीस वर्षं तुमच्यासोबत राहतं. काकूंना सांगितलेलं त्या चौकात राहिलं. त्यात तुम्ही दमलेल्या, घाबरून नुकत्याच सावरलेल्या, समोर ऐकणारं माणूस आणि बस कधी येणार ते माहीत नाही, अशा वेळी माणूस बोलतोच. त्याची लाज वाटून घेऊ नका.

आता पैसे. देऊ करणं हा गुन्हा नाही हो, आणि चेहरा उतरला तो अपमानानेच असंही नाही, कदाचित इतका वेळ गप्पा मारल्यावर आपण परत "गिऱ्हाईक आणि गाडीवाली" झालो असं त्यांना वाटलं असेल. माझा स्वतःचा नियम असा आहे की दुसऱ्याचा खर्च झाला असेल तर पैशांचं बोलायचं, आणि ते आधी बोलायचं, गाडीत बसतानाच, "पेट्रोलचे घ्याल ना?" एवढं सरळ. लांबवर कुणी सोडत असेल, त्याचं तिकीट आपल्यामुळे गेलं असेल, तर विचारलंच पाहिजे, आणि समोरचा हो म्हणाला तर तोही लोभी ठरत नाही. पण वेळ, पाणी, सोबत, रस्ता दाखवणं, याचे पैसे शेवटच्या क्षणी, गाडीचं इंजिन चालू असताना खिडकीतून द्यायला गेलं की ते हिशोब मिटवल्यासारखं दिसतं, मनात तसं नसलं तरी. आणि काही लोकांचं पोटच वाट दाखवणं, ओझं उचलणं, गाडीने सोडणं यावर चालतं, तिथे "मदत" म्हणून फुकट घेऊन वर गोड बोलून निघून जाणं हे जास्त वाईट. तेव्हा पैसे द्यावेत की नाही याला एकच उत्तर नाही, माणूस बघून ठरवायचं, आणि शंका असली की सरळ विचारायचं.

मग आता काय करायचं? तुमच्या पत्रातच उत्तर आहे की! त्यांनी तुमच्या बहिणीला त्यांच्या फोनवरून मेसेज केला, म्हणजे बहिणीच्या फोनमध्ये त्यांचा नंबर आहे. मेसेज करा. महिना झाला, आता कसं करू, त्या विसरल्या असतील, काय लिहू, असलं काही मनात आणू नका. २०१८ मध्ये अमित कुमार आणि निकोलस एपली या दोघांनी याच गोष्टीवर प्रयोग केले होते, लोकांना कुणाला तरी मनापासून आभाराचं पत्र लिहायला सांगितलं आणि विचारलं की समोरच्याला काय वाटेल. लिहिणाऱ्यांना वाटत होतं की समोरचा अवघडेल, त्याला ते फार विशेषही वाटणार नाही. ज्यांना पत्रं मिळाली त्यांना विचारलं तर अंदाज चुकलेला, ते अवघडले त्यापेक्षा कितीतरी कमी आणि सुखावले जास्त. आणि लिहिणारे कशाची काळजी करत बसले होते तर शब्द बरोबर जमतील का, वाचणाऱ्याला त्याचं काही नव्हतं, त्याला त्यातला जिव्हाळा पोचला होता.

फक्त मेसेजमध्ये "खूप खूप धन्यवाद" एवढंच नका लिहू, नेमकं लिहा. तुम्ही बस येईपर्यंत थांबलात, त्याने मला किती बरं वाटलं, असं. पैशांबद्दल एक ओळ टाका हवी तर, "घाईत नोट पुढे केली, मनात तसं नव्हतं", बस्स, पानभर खुलासा नको. उत्तर आलं तर छान. नाही आलं तर परत परत विचारू नका, त्यांनी एका दिवसाची मदत केली, आयुष्यभराची मैत्री कबूल केलेली नाही.

उपकाराचं ओझं वगैरे तुम्ही स्पष्ट लिहिलेलं नाही पण पत्रभर ते जाणवतं, म्हणून एक सांगते. मदत करणाऱ्याला आपण वाटतं तेवढा त्रास देत नसतो. शुआन झाओ आणि वर सांगितलेलेच एपली यांचा २०२२ चा अभ्यास आहे, एका बागेत आलेल्या लोकांना सांगितलं की कुणातरी अनोळखी माणसाला आपला फोटो काढून द्यायला सांगा. विचारणाऱ्यांना वाटलं त्यापेक्षा समोरचे जास्त खुशीने तयार झाले, फोटो काढून दिल्यावर त्यांना जास्त बरं वाटलं, आणि गैरसोय वाटली ती विचारणाऱ्याच्या अंदाजापेक्षा कमी. काकूंचाही तो पाऊण तास वाईट गेला नसणार. कुंपण कापण्यापेक्षा तर नक्कीच बरा.

तोंडातून शब्दच फुटत नाही

"मी पुरुष, वय ३४. एकटा खूप फिरतो. पण कुणाला काही विचारायचं म्हटलं की तोंडातून शब्द फुटत नाही. दोन तास भटकेन पण विचारणार नाही. बायको म्हणते हा इगो आहे. मला वाटतं की लोक बिझी असतात, कशाला त्रास द्या. आणि खरं सांगू का, कुणी नाही म्हटलं तर फार लागतं मला."

बायकोचं आणि तुमचं दोघांचंही थोडं थोडं बरोबर धरू. पण "नाही म्हणतील" या भीतीला मात्र फारसा आधार नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या दोघांनी केलेला अभ्यास २००८ मध्ये छापून आला. त्यात विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की कॅम्पसवर अनोळखी लोकांकडे जा आणि म्हणा, मला जिम सापडत नाहीये, तिथपर्यंत सोबत येता का. लक्षात घ्या, नुसतं "कुठे आहे" नाही, सोबत या! विद्यार्थ्यांचा अंदाज होता की एक जण हो म्हणेपर्यंत साधारण सात जणांना विचारावं लागेल. प्रत्यक्षात दोन-तीन जणांत काम झालं. म्हणजे आपण मनातल्या मनात जितके नकार ऐकतो त्याच्या निम्मेही बाहेर मिळत नाहीत. कारणही मजेशीर आहे, विचारणारा विचार करतो की याला किती त्रास पडेल, आणि ज्याला विचारलं तो विचार करतो की आता तोंडावर नाही कसं म्हणू. मला तर यातून उलटी काळजी वाटते, की लोक नको असतानाही हो म्हणत असतील, म्हणून मागताना थोडं भान ठेवावं.

आता विचारायचं कुणाला. घाईत नसलेल्याला. हे तुम्ही म्हणाल कुणालाही कळतं, पण यावर एक फार बोलका प्रयोग आहे. १९७३ साली डार्ली आणि बॅटसन या दोघांनी प्रिन्स्टनमधल्या धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं, काहींच्या भाषणाचा विषय तर बायबलमधली परक्याला मदत करणाऱ्या वाटसरूची गोष्ट हाच होता. वाटेत एक माणूस दारात कण्हत पडलेला ठेवला होता, म्हणजे तो नाटकातलाच. ज्यांना "तुला उशीर झालाय, पळ" असं सांगितलं होतं त्यांच्यातले १० टक्के थांबले, निवांत असलेल्यांतले ६३ टक्के. भाषण कशावर आहे याने फारसा फरक पडला नाही. तेव्हा कुणी नाही म्हटलं तर तो तुमच्यावरचा निकाल समजू नका, त्याची गाडी सुटत असेल. बाकावर बसलेला, दुकानाच्या दारात उभा असलेला, कुत्रा फिरवणारा, अशांकडे जा. कुत्रा फिरवणारे लोक तर सहसा तिथलेच असतात, त्यांना गल्लीबोळ माहीत असतात.

आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नका. "इकडे बस वगैरे असते का हो" असं हवेत विचारलं की उत्तरही हवेतलंच येतं. "माझी शेवटची बस गेली, स्टेशनला पायी जाता येईल का, अंधार पडायच्या आत?" यात काय झालंय, काय हवंय आणि कधीपर्यंत हवंय, सगळं आलं.

गर्दीत मात्र वेगळं करावं लागतं, विशेषतः काही दुखलंखुपलं असेल, चक्कर येत असेल तर. १९६८ मध्ये डार्ली आणि लटाने यांनी दाखवलं होतं की कुणाला झटका आल्याचा आवाज आपल्या एकट्यालाच ऐकू येतोय असं वाटत होतं तेव्हा ८५ टक्के लोक मदतीला धावले, आणि अजून चौघंही ऐकताहेत असं वाटत होतं तेव्हा ३१ टक्केच. प्रत्येकाला वाटतं दुसरा उठेल. म्हणून "कुणीतरी मदत करा" असं म्हणण्यापेक्षा एकाकडे बघून "अहो, निळ्या शर्टवाले, जरा इकडे या" म्हणायचं. तो आला की बाकीचेही येतात. याचा अर्थ गर्दी दगडाची असते असा घेऊ नका बरं का, २०१९ मध्ये ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शहरांतलं रस्त्यावरच्या भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं तेव्हा दहातल्या नऊ प्रसंगांत निदान एक तरी जण मध्ये पडलेला दिसला.

हे सगळं ठीक, पण वाईट माणूस भेटला तर?

"माझी मुलगी २३ वर्षांची, एकटी फिरते. आली की सांगते, आई आज एका काकांनी सोडलं, एका दादाने रस्ता दाखवला. तिला कौतुक, माझ्या पोटात गोळा. तिला सांगते कुणाशी बोलू नको, तर ती हसते. चांगला माणूस ओळखायचा कसा?"

चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, एवढं नक्की. गोड बोलण्यावरून तर मुळीच नाही. आणि "कुणाशी बोलू नको" हा सल्ला मुलगी पाळणार नाही, पाळू पण नये, कारण अडचणीत असताना न बोलणारी मुलगी जास्त अडकते. तिला त्यापेक्षा हे सांगा.

पहिलं म्हणजे कोण कुणाकडे गेलं. तिने गर्दीतून स्वतः निवडून कुणाला विचारलं, तर तो माणूस वाईट निघायची शक्यता कमी, कारण रस्त्यावरचे बहुतेक लोक आपल्या कामात असलेले साधे लोक असतात. जो स्वतःहून तिच्याकडे आला, त्याने तिला निवडलंय. तो चांगलाही असेल, असतातच, पण मग तपासायला हरकत नाही. मी तर म्हणेन की तिने आधीच कुटुंबासोबत असलेली बाई, तिकीट खिडकीवरचा माणूस, युनिफॉर्ममधला कर्मचारी, असं कुणीतरी हेरून ठेवावं.

दुसरं, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं, "नको" म्हणून बघायचं. अगदी मदत हवी असली तरी एकदा "नको, मी बघते" म्हणायचं. साधा माणूस म्हणतो "बरं, बघा, नाहीतर मी आहे इथे" आणि बाजूला होतो. जो ऐकून न ऐकल्यासारखं करतो, बॅगेला हात घालतो, "एवढा पण विश्वास नाही का" म्हणून रुसतो, "मी काय खाणार आहे का तुला" म्हणून हसतो, तिथून निघायचं. वाईट वाटेल म्हणून थांबायचं नाही. मुलींना लहानपणापासून समोरच्याला वाईट वाटू न देण्याची इतकी सवय लावलेली असते की ही एकच गोष्ट घरी तोंडाने म्हणून सराव करायला हवी, आणि ती तुम्ही करून घ्या तिच्याकडून, हसू दे हसली तर.

गाडीत बसायची वेळ आलीच तर बसायच्या आधी नंबर प्लेटचा फोटो काढून घरी पाठवायचा, आणि लपवून नाही, समोर. "आईला पाठवते हं, ती काळजी करते." चांगल्या माणसाला यात काहीच खटकत नाही, उलट तो म्हणतो पाठवा पाठवा. एखादा चिडला तर गाडीत न बसताच तुम्हाला हवी ती माहिती मिळाली. फोन दुसऱ्याच्या हातात देऊ नये, नंबर आपण सांगावा किंवा स्पीकरवर बोलावं. कुठे उतरलीय, एकटी आहे का, असं कुणी विचारलं तर "पुढे लोक वाट बघताहेत" हे खोटं बोलायला पूर्ण परवानगी आहे.

तुमच्यासाठीही एक. ती बाहेर असताना दर अर्ध्या तासाला फोन करू नका, बॅटरी त्यातच जाते. लाइव्ह लोकेशन चालू ठेवायला सांगा, संध्याकाळी किती वाजता ती स्वतः मेसेज करणार ते ठरवा, आणि ती वेळ टळून किती वेळाने तुम्ही हालचाल सुरू करणार तेही तिला माहीत असू द्या. मोबाइलवरून ११२ हा आपत्कालीन नंबर जगात बऱ्याच ठिकाणी चालतो आणि आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असेल तर त्यावरूनही लागू शकतो, पण जिथे जाणार तिथला नंबर आधी बघून ठेवलेला बरा.

मदत करायची आहे, पण गैरसमजाची भीती वाटते

"मी पन्नाशीचा. आमच्या भागात फिरायला बरेच लोक येतात, एकट्या मुलीपण. कुणी चुकलेली दिसली तर वाटतं जाऊन सांगावं, पण ती घाबरेल, काहीतरी भलतंच समजेल, म्हणून बघून न बघितल्यासारखं करतो आणि घरी येऊन वाईट वाटतं. काय करावं?"

तुमच्यासारखे बरेच आहेत, या विषयावर पुरुषांची पत्रं मला अपेक्षा होती त्यापेक्षा जास्त आली. वरचं उत्तर वाचून रागही आला असेल, की आम्ही काय सगळे संशयित का? नाही. पण तिला तुम्ही कोण हे माहीत नाही आणि कळायला मार्गही नाही, तेव्हा तिची शंका स्वतःला लावून घेऊ नका.

लांबूनच बोला, चार-पाच हात अंतर ठेवून, वाट न अडवता. जवळ जाऊन हळू आवाजात बोलण्यापेक्षा लांबून मोठ्याने बोललेलं केव्हाही बरं, आजूबाजूच्यांनाही ऐकू जातं. "बसस्टॉप शोधताय का? तो तिकडे, कमानीच्या पलीकडे" एवढं सांगा आणि थांबा. माहिती द्या, गाडी देऊ करू नका, निदान पहिल्या वाक्यात तरी. बरोबर बायको असेल, शेजारीण असेल तर तिला बोलू द्या. तिला कुणाला फोन करायचा असेल तर नंबर विचारून तुम्ही लावा आणि स्पीकरवर टाका. आणि ती "नको" म्हणाली, की "बरं" म्हणून खरंच निघून जा, परत वळून "नक्की ना?" विचारू नका. ती तुम्हाला हसून बघणारही नाही कदाचित. पण बसस्टॉप तिला सापडलेला असेल, आणि तुमचं काम तेवढंच होतं.

पाकीट हरवलं तर परत मिळतं का हो?

"एकट्या फिरण्यात मला चोरापेक्षा स्वतःच्या वेंधळेपणाची भीती जास्त. पाकीट कुठेतरी विसरले तर संपलंच ना सगळं?"

संपलं असं नाही. २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक मोठा प्रयोग छापून आला, ४० देशांत मिळून १७ हजारांहून जास्त पाकिटं बँका, हॉटेलं, पोस्ट ऑफिस असल्या ठिकाणच्या काउंटरवर "हे सापडलं" म्हणून देऊन बघितली. पैसे नसलेल्या पाकिटांपैकी साधारण ४० टक्क्यांच्या बाबतीत मालकाला कळवलं गेलं आणि पैसे असलेल्यांत ५१ टक्के! अर्थतज्ज्ञांनाही याचा अंदाज आला नव्हता. पाकिटात किल्ली होती तेव्हा अजून जास्त जणांनी कळवलं, किल्लीचा सापडणाऱ्याला काही उपयोग नाही, हरवणाऱ्याला आहे, हे लोकांना समजतं.

पण कळवायला काहीतरी हवं ना आत. बहुतेकांच्या पाकिटात दहा कार्डं असतात आणि स्वतःचा ईमेल किंवा दुसऱ्या कुणाचा नंबर एकाही कागदावर नसतो. एक चिठ्ठी ठेवा, त्यावर ईमेल आणि घरच्या कुणाचा नंबर. घराचा पत्ता लिहू नका, विशेषतः किल्लीसोबत. आणि एक कार्ड, थोडे पैसे पाकिटाबाहेर, बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात.

मागे कधी फिरायचं हे कसं कळतं?

"डोंगरात एकटा जातो. नेहमी परतीला अंधार होतो आणि कुणाच्या तरी दारात जावं लागतं. लोक चांगले असतात, पण दर वेळी काय."

दर वेळी काय, हे तुम्हीच म्हणालात ते बरं झालं. लोकांच्या चांगुलपणावर प्लॅन आखायचा नसतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा अजूनही चालतो, सपाटीला ५ किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला वर अजून एक तास. म्हणजे १० किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर तीन तास, न थांबता, आणि तेही पायाला सवय असलेल्या माणसाचे. तुम्ही थांबणार, फोटो काढणार, तर त्यात भरपूर वाढवा. मग सूर्यास्तापासून उलटं मोजा आणि मागे फिरायची वेळ घरातून निघतानाच ठरवा, शिखर दहा मिनिटांवर दिसत असलं तरी ती वेळ झाली की फिरायचं. घड्याळ नसेल तर हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्या मध्ये बोटं आडवी धरा, एक बोट म्हणजे ढोबळमानाने पंधरा मिनिटं. ध्रुवांकडच्या प्रदेशात हा हिशोब चुकतो, तिथे सूर्य तिरका तिरका उतरतो.

फोनचं म्हणाल तर रेंज नसलेल्या ठिकाणी तो सिग्नल शोधत बसतो आणि बॅटरी खातो. मॅप आधी डाउनलोड करून ठेवा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका, आजकालच्या फोनचं जीपीएस त्यातही चालतं.

शिट्टी ठेवा म्हणतात, पण वाजवायची कशी?

"बॅगेला शिट्टी आहे. खरंच अडकले तर नुसती वाजवत राहायचं का?"

नाही, मोजून. एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं आणि ऐकायचं, मग परत सहा. हा डोंगरातला धोक्याचा इशारा आल्प्समधल्या गिर्यारोहकांपासून चालत आलाय, रात्री टॉर्चनेही असाच देतात. कुणी ऐकलं तर उत्तर मिनिटाला तीन असं येतं. उत्तर आलं म्हणून वाजवणं बंद करू नका, दरीत आवाज कुठून येतोय ते पटकन कळत नाही, शोधणारे त्या आवाजावरच येत असतात, ते समोर दिसेपर्यंत वाजवत राहा. आणि तुम्हालाच कधी अशा सहा शिट्ट्या ऐकू आल्या तर आधी तीन वाजवून उत्तर द्या, आवाजाची दिशा आणि वेळ टिपून घ्या, आणि एकटे असाल तर धावत सुटायच्या आधी फोन लागतो का बघा.